फिल्मचा प्रश्न आणि पॉलिसीचे तेरा दिवस

कांदिवलीच्या एका वाचकांचे पत्र गाडीविषयी आहे. वय ४१, खासगी कंपनीत नोकरी, पत्नी घर सांभाळतात, दोन मुले शाळेत आहेत. गेल्या महिन्यात त्यांनी १६ लाखांची गाडी घेतली आणि शोरूमच्या आग्रहावरून संपूर्ण गाडीवर रंग जपणारी पारदर्शक फिल्म, म्हणजे बाजारात जिला पीपीएफ म्हणतात ती, बसवून घेतली. तिचे १ लाख ४० हजार रुपये ऑन-रोड किमतीतच धरले गेले आणि सात वर्षांच्या कर्जात जमा झाले. फिल्म बसवून १२ दिवस झाले आहेत. बॉनेटवर तीन-चार बारीक ठिपके दिसतात आणि पुढच्या बंपरचा एक कोपरा सुटू लागला आहे. काम करणारा म्हणतो की ते आपोआप बसेल. शिवाय आणखी ३५ हजार दिल्यास पाच वर्षांच्या वॉरंटीऐवजी दहा वर्षांची फिल्म लावून देतो, असेही सांगतो. काम चांगले झाले आहे की नाही हे कसे ओळखावे आणि हे ३५ हजार द्यावेत का, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत. गाडी विकताना फिल्मचे पैसे वसूल होतील, अशी त्यांची अपेक्षा आहे.

पत्राच्या शेवटी त्यांनी जाता जाता आणखी एक गोष्ट लिहिली आहे. कर्ज लवकर मंजूर व्हावे म्हणून बँकेच्या रिलेशनशिप मॅनेजरने सुचवलेली पॉलिसी त्यांनी घेतली. वर्षाला १ लाख २० हजार, असे दहा वर्षे भरायचे आणि वीस वर्षांनी २४ लाख हमखास मिळायचे. "त्यात १२ लाखांचे विमा संरक्षणही आहे, त्यामुळे टर्म इन्शुरन्सचा विचार सोडून दिला. मला रक्तदाबाची गोळी चालू आहे, पण ते अर्जात लिहिले तर मेडिकल लागेल आणि कर्ज लांबेल, असे मॅनेजर म्हणाले." पॉलिसीचा दस्तऐवज हाती येऊन १७ दिवस झाले आहेत.

हे वाचल्यावर मी त्यांना त्याच दिवशी कळवले की फिल्म थांबू शकते, पॉलिसी थांबू शकत नाही. अशी पत्रे मला वारंवार येतात, म्हणून येथे सविस्तर लिहितो.

विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमांनुसार पॉलिसीचा दस्तऐवज मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. याला फ्री लुक पिरियड म्हणतात. तेवढ्या दिवसांचा जोखमीचा हप्ता, वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च आणि मुद्रांक शुल्क एवढे कापून बाकी रक्कम परत मिळते. म्हणजे १ लाख २० हजारांतील बहुतेक सर्व पैसे परत येतात. मुदत उलटल्यावर मात्र सरेंडर मूल्यावर, म्हणजे पॉलिसी मध्येच मोडल्यास मिळणाऱ्या रकमेवर, समाधान मानावे लागते आणि सुरुवातीच्या वर्षांत ते भरलेल्या रकमेच्या बरेच खाली असते. पत्र लिहिले त्या दिवशी तुमच्या हातात १३ दिवस होते. अर्ज विमा कंपनीकडे, नोंदवलेल्या ई-मेलवरून, लेखी करा आणि त्याची पोच घ्या. तो रिलेशनशिप मॅनेजरच्या हाती देऊ नका. "पुढच्या आठवड्यात घरी येऊन समजावतो" असा फोन नक्की येईल, आणि त्या पुढच्या आठवड्यातच मुदत संपेल. कर्जाची तुम्ही काळजी करू नका. कर्जासाठी अशी पॉलिसी घेण्याची सक्ती बँकेला करता येत नाही, आणि तुमचे कर्ज तर वितरितही झाले आहे. कंपनीने टाळाटाळ केली तर तिच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, मग विमा नियामकाच्या बिमा भरोसा या तक्रार पोर्टलवर आणि त्यानंतर विमा लोकपालांकडे जाता येते.

आता त्या "हमखास" रकमेचा हिशेब पाहू. दहा वर्षांत १२ लाख भरायचे आणि विसाव्या वर्षाअखेरीस २४ लाख घ्यायचे. पहिला हप्ता वीस वर्षे अडकतो, शेवटचा अकरा वर्षे. सरासरी साडेपंधरा वर्षे झाली. रक्कम दुप्पट होण्याचा अंदाजे दर काढायला ७२ ला वर्षांनी भागतात. साडेपंधरा वर्षांत दुप्पट, म्हणजे ७२ ला साडेपंधराने भागा, वर्षाला जेमतेम ४.६ टक्के. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचा, म्हणजे खऱ्या पीपीएफचा, व्याजदर कित्येक वर्षे ७.१ टक्के आहे. आणि तुम्ही गाडीच्या कर्जावर साडेनऊ टक्के देत आहात. एका हाताने साडेनऊ टक्क्यांनी कर्ज घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने साडेचार टक्क्यांनी पैसे वीस वर्षे कोंडून ठेवायचे, असा व्यवहार कोणी हमीच्या नावाखाली गळ्यात मारला, तर मला त्याचा राग येतो आणि तो लपवावा असे वाटत नाही.

परताव्यापेक्षाही घातक आहे तो १२ लाखांच्या संरक्षणावरचा विश्वास. तुमचे गृहकर्ज ४६ लाख शिल्लक आहे, गाडीचे १३ लाख. घरखर्च महिना ५५ हजार, म्हणजे वर्षाला ६ लाख ६० हजार. तुम्ही नसताना कर्जाचा एकही हप्ता भरला नाही असे धरले, तरी १२ लाख दोन वर्षे पुरत नाहीत. दोन्ही कर्जांचे मिळून ६० लाख आणि मुले कमावती होईपर्यंतच्या खर्चाचे ९० लाख, असे निदान दीड कोटीचे संरक्षण तुम्हाला हवे. तुमच्या वयाला ते साध्या टर्म इन्शुरन्समध्ये, म्हणजे ठरावीक मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणाऱ्या विम्यात, वर्षाला साधारण ४०-४५ हजारांत बसावे. रक्तदाबामुळे कंपनी हप्ता वाढवील, तो मुकाट्याने भरा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटी लागत नाही, तेवढा दिलासा आहे.

रक्तदाबाविषयी मला अधिक कळकळीने सांगायचे आहे. विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार पहिल्या तीन वर्षांत, महत्त्वाची माहिती लपवली या कारणावरून, कंपनी पॉलिसी नाकारू शकते. अर्जावर सही तुमची आहे, मॅनेजरची नाही. माझ्या टेबलावर एकदा अशीच एक फाइल आली होती. वरच्या कागदावर दावा फेटाळल्याचे पत्र, त्याखाली रुग्णालयाचे केसपेपर आणि त्यात डॉक्टरच्या अक्षरात "रक्तदाब, सहा वर्षे" एवढीच ओळ. अर्जात त्याच प्रश्नापुढे "नाही" होते. मागे राहिलेल्या बाईंना मी काही देऊ शकलो नाही. म्हणून नव्या अर्जात आजार, गोळीचे नाव, मात्रा, ती कधीपासून चालू आहे, सर्व लिहा आणि वैद्यकीय तपासणी आपणहून मागून घ्या. पॉलिसी घेतानाच १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली पत्नी व मुलांच्या नावे करून घ्या, म्हणजे ती रक्कम धनकोंच्या हाती लागणार नाही. ही सोय नंतर जोडता येत नाही. नवी पॉलिसी मिळेपर्यंत जुनी ठेवावी, हा एरवीचा नियम येथे लागू करू नका, कारण मुदत टळली तर पैसे अडकतील आणि ते १२ लाखही, वर सांगितलेल्या कारणाने, भरवशाचे नाहीत.

आता फिल्मकडे वळतो. चांगली फिल्म थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनची असते, जाडी साधारण २०० मायक्रॉन. ती उडालेले खडे, पुसण्याचे ओरखडे, पक्ष्यांची विष्ठा यांपासून रंग वाचवते. रिक्षा घासून आलेला पोचा ती थांबवत नाही, आणि मुंबईत गाडीचे खरे नुकसान बहुतेक त्या पोच्यांनीच होते.

तपासणी नुसत्या नजरेने होत नाही. गाडी छपराखाली घ्या आणि मोबाइलची टॉर्च पत्र्याला जवळजवळ चिकटवून तिरकी धरा. बॉनेटवरच्या ठिपक्यावर बोटाच्या पेराने दाबा. ठिपका सरकला किंवा पसरला तर आत पाणी आहे. फिल्म ओलीच बसवतात, त्यामुळे असे फुगे एक-दोन आठवड्यांत, दमट हवेत थोडे उशिरा, सुकतात. ठिपका टणक लागला आणि जागचा हलला नाही, तर ती धूळ आहे आणि ती "आपोआप बसत" नाही. पूर्ण बॉनेटवर एखाद-दुसरा कण मी सोडून देईन. तीन-चार एकाच रांगेत असतील तर पत्रा नीट धुतला गेला नाही किंवा खोलीत धूळ होती, असे समजा.

बंपरचा सुटलेला कोपरा अधिक गंभीर आहे. वळणावर फिल्म नको तेवढी ताणली की ती हळूहळू मूळ मापाकडे परतते आणि कड उचलली जाते. तेथे चंदेरी रेघा दिसत असतील तर ताणल्याची तीच खूण. अशी कड पुन्हा चिकटवली तरी टिकत नाही, तो तुकडाच बदलावा लागतो. बॉनेट आणि दरवाजांच्या कडेवरून नख फिरवा. फिल्म आत वळवलेली असेल तर नख अडत नाही. कडेच्या दोन-तीन मिलिमीटर अलीकडे संपत असेल तर नख अडते आणि तेथे पुढे मळाची काळी रेघ धरते. प्लॉटरवर, म्हणजे संगणकातल्या मापाने कापणाऱ्या यंत्रावर, आधी कापून आणलेल्या फिल्मच्या बाबतीत हा दोष मानत नाहीत, पण तसे तुम्हाला आधी सांगायला हवे होते.

सर्वांत जास्त भीती ब्लेडची. गाडीवरच फिल्म कापताना ब्लेड रंगापर्यंत गेले, तर दिव्यांच्या कडेला, कंपनीच्या चिन्हाभोवती, दरवाजाच्या मुठीखाली केसासारखी सरळ रेघ दिसते. ती पत्र्यापर्यंत पोचली असेल तर मुंबईच्या खाऱ्या हवेत तेथून गंज धरेल, आणि तोही फिल्मखाली, तुमच्या नजरेआड. अशी एक जरी रेघ सापडली तरी फोटो काढून शोरूमला लेखी कळवा, कारण पैसे शोरूमने घेतले आहेत आणि बिलही त्याचेच आहे.

फिल्म खरी कोणती लावली हेही पाहा. उरलेला तुकडा मागून घ्या. पॉलियुरेथेन हाताने ताणून सोडल्यावर पूर्ववत होते. स्वस्त पीव्हीसी ताठ असते आणि ताणलेली तशीच राहते. त्या तुकड्यावर, गाडीवर नव्हे, पितळी ब्रशने हलका ओरखडा काढून गरम पाणी ओता. स्वतः भरून येणारी फिल्म असेल तर ओरखडा मिटतो. वॉरंटी कार्डावर तुमचा चासी नंबर आणि रोलचा क्रमांक आहे ना, आणि फिल्म बनवणाऱ्या कंपनीकडे त्याची नोंद झाली आहे ना, हे तपासा.

३५ हजार देऊ नका. वॉरंटीत सामान्यतः पिवळेपणा, तडे आणि सुटणे येते, खडा लागून फाटणे येत नाही. आणि दहा वर्षांच्या कागदासाठी संपूर्ण गाडीची फिल्म काढून पुन्हा लावायची म्हणजे त्याच हातांनी, त्याच ब्लेडने दुसऱ्यांदा काम. बॉनेट आणि बंपर एवढेच, विनामूल्य, पुन्हा करून मागा.

विक्रीतून वसुलीची अपेक्षा सोडून द्या. जुनी गाडी घेणारा वर्ष, किलोमीटर, मालकांची संख्या आणि अपघाताचा इतिहास पाहतो. फिल्म वेगळी नोंदवून हप्ता भरला नसेल तर गाडीच्या विम्यातील घोषित किमतीतही ती धरली जात नाही. आणि कर्जात गेल्यामुळे १ लाख ४० हजारांचा महिना सुमारे २,३०० रुपये हप्ता सात वर्षे चालणार, एकूण १ लाख ९२ हजार. म्हणजे पाच वर्षांची वॉरंटी संपल्यावरही दोन वर्षे तुम्ही तिचे पैसे भरत राहाल.

पॉलिसीचे पैसे परत आले की आधी टर्म इन्शुरन्सचा हप्ता भरा. उरलेले ७०-७५ हजार मुदत ठेवीत ठेवा, कारण तुम्हीच लिहिता की खात्यात दोन महिन्यांचा खर्चही उरलेला नाही. शनिवारी वर्कशॉपला जाणार असाल तर टॉर्च आणि बिलाची प्रत बरोबर न्या. पण नव्या विम्यासाठीच्या रक्ततपासणीची वेळ त्याच दिवशी सकाळची, उपाशीपोटी, घ्या आणि वर्कशॉपला त्यानंतर जा.