लायडार मागून आणता येईल काय?

प्रश्न: मी वरोरा तालुक्यात एका कॉलेजात फिजिक्स शिकवतो. थंडीत सकाळी आमच्या इकडे धूर जमिनीला चिकटून बसते, पोरं विचारतात सर हा किती वरपर्यंत आहे. लायडारनं, म्हणजे लेझरचा झोत सोडून परत आलेला उजेड दुर्बिणीनं टिपणाऱ्या मशीननं, ते मोजता येते, पण आमच्या लॅबचं बजेट तुम्हाला ठाऊकच आहे. एखाद्या मोठ्या संस्थेचं मशीन आठवडाभर मागून आणता येईल काय?

उत्तर: सर, पोरांचा प्रश्न लय भारी आहे, पण मशीन आणायच्या भानगडीत पडू नका. त्यातला लेझर अन दुर्बीण एका रेषेत जुळवलेले असतात, गाडीत हादरे बसून ते हललं की परत जुळवायला जाणकार माणूस लागतो, अन जास्त पॉवरचा लेझर असला तर डोळ्यांना धोका, वरून जाणाऱ्या विमानांचंही बघावं लागतं.

त्यापेक्षा मशीनवरचा वेळ अन कच्चा डेटा मागा. सरकारी पैशातून घेतलेली उपकरणं बाहेरच्यांनाही वापरता यावीत म्हणून २०२० मध्ये आय-स्टेम पोर्टल सुरू झालं, तिथं शोधा. तिरुपतीजवळ गादंकीच्या राष्ट्रीय वायुमंडलीय संशोधन प्रयोगशाळेत लायडार आहे, प्राचार्यांच्या सहीनं तिथं पत्र टाका. रंगीत तयार चित्र दिलं तर ते घेऊन गप्प बसू नका, आकडेच मागा, कारण खरं शिकणं तिथंच आहे: पल्स, म्हणजे लेझरचा क्षणभराचा झोत, जाऊन परत यायला १ मायक्रोसेकंद लागला म्हणजे अंतर १५० मीटर, मग आकाशाचा उजेड वजा करायचा, सिग्नलला, म्हणजे परत आलेल्या उजेडाला, अंतराच्या वर्गानं गुणायचं, अन तो एकदम कुठं पडतो, म्हणजे धूर कुठं संपतो, ते पोरांनीच शोधायचं. बीएस्सीच्या पोरांना हे सहज जमते.

एक अडचण मात्र आहे. अगदी जवळच्या उंचीवर दुर्बिणीला लेझरचा पूर्ण बीम दिसतच नाही, म्हणजे तुमचा धूर नेमका तिथंच लपू शकतो, म्हणून या न दिसणाऱ्या भागाची, म्हणजे ओव्हरलॅपची, दुरुस्ती केली आहे का हे पत्रातच विचारा. दाट धुक्याच्या दिवसाचा डेटाही नको, बीम त्यातच विरून जातो.

आता गादंकीचं आकाश म्हणजे वरोऱ्याचं आकाश नाही. आपल्या भागासाठी नासाच्या कॅलिप्सो उपग्रहाचा लायडार डेटा फुकट आहे, २००६ ते २०२३ पर्यंतचा, फक्त तो एका बारीक रेषेतच मोजत जायचा, त्यामुळे चंद्रपूर जिल्ह्यावरून गेलेल्या तारखा आधी पोरांना काढायला लावा, त्यातल्या थंडीतल्या रात्रीच्या निवडा, दिवसा उन्हामुळे सिग्नलमध्ये गोंगाट जास्त असतो.