चष्म्याचा नंबर नाही, तरी फळ्यावरचं उतरवताना ओळी का सुटतात?

"मॅडम, डोळे तपासून झाले, नंबर नाही, कानही चांगले आहेत, मग हा मुद्दामच करतो का असं?" तिसरीतल्या एका मुलाची आई विचारत होती (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत). हाच प्रश्न माझ्याकडे इतके पालक घेऊन येतात की म्हटलं एकदा सविस्तर लिहावं.

मुलगा बोलायला एकदम हुशार. पण फळ्यावरून उतरवताना वर बघून खाली मान घातली की जागा हरवायची, अर्धी ओळ गायब. गाडीत पुस्तक उघडलं की मळमळ, झोक्याला तर तो हातही लावायचा नाही आणि चेंडू आला की तोंड फिरवून घ्यायचा. वहीत शेरा ठरलेला, 'लक्ष देत नाही'. म्हणून आई घरी जास्तीचं लिहून घ्यायला लागली आणि रोज रडारड सुरू झाली.

मी त्यांना एक कागद हातात धरायला लावला. आधी डोकं स्थिर ठेवून कागद भराभर डावीउजवीकडे हलवा आणि वाचा, मग कागद स्थिर ठेवून डोकं तेवढ्याच वेगाने हलवा आणि वाचा. तुम्हीही करून बघा. पहिल्या वेळी अक्षरं पुसट होतात, दुसऱ्या वेळी बऱ्यापैकी वाचता येतात. कारण दुसऱ्या वेळी आतला कान, म्हणजे ऐकण्यासोबत डोक्याची हालचालही ओळखणारा भाग, मदतीला येतो. तिथे प्रत्येक बाजूला तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, डोकं वळलं की त्यातलं द्रव मागे रेंगाळतं, बारीक केसांच्या पेशी वाकतात, मेंदूच्या खोडाला निरोप जातो आणि डोळे डोकं वळलं त्याच्या उलट दिशेला तेवढेच सरकतात, म्हणून नजर जागेवर राहते. हे सगळं साधारण 10 मिलिसेकंदांत होतं. नुसत्या नजरेने हलती वस्तू पकडायची तर सुमारे 100 मिलिसेकंद लागतात, म्हणजे दहापट वेळ.

आता फळा ते वही, वही ते फळा, दर शब्दाला डोकं वरखाली होतं. आतला कान आणि डोळे ही जोडी नीट जुळली नसेल तर डोकं थांबल्यावर नजर योग्य जागी बसत नाही आणि मुलाला प्रत्येक वेळी नव्याने शोधावं लागतं, त्यात तो दमतो आणि आपल्याला वाटतं कामचुकारपणा करतोय. डोळ्यांच्या तपासणीत तो खुर्चीत स्थिर बसून अक्षरं वाचतो, त्यामुळे हे तिथे दिसेलच असं नाही. गाडीतली मळमळ पण ह्याच भागातली, कान सांगतो आपण हलतोय, पानावर खिळलेले डोळे सांगतात आपण स्थिर आहोत.

हा अंदाज पक्का करायला मी त्याला ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे (रोजची कामं जमावीत म्हणून खेळ-व्यायामातून सराव करून घेणारे तज्ज्ञ) पाठवलं. सोबत दोन्ही डोळे जवळ बघताना नीट एकत्र वळतात का हेही नेत्रतज्ज्ञांकडून तपासून घेतलं, कारण तिथेही अशीच लक्षणं दिसतात. थेरपीत त्याला आधी जमिनीलगतच्या झोक्यावर पोटावर झोपवलं, झोका अगदी हळू आणि थांबवायचा हक्क त्याचाच. समोरच्या टोपलीत बीनबॅग, म्हणजे दाणे भरलेली छोटी पिशवी, टाकायची. खरी मेख इथे आहे, नुसतं झुलवून भागत नाही, शरीर हलत असताना डोळ्यांना नेमकं बघायला काहीतरी काम हवं, तेव्हाच दोघांना एकत्र काम करायची सवय लागते. पुढे भिंतीवरच्या अक्षरावर नजर ठेवून मान वळवणं, मग चालता चालता वाचणं. आणि फळ्यावरून उतरवायचा सराव वेगळा करावाच लागला, झोक्याने अक्षर आपोआप सुधारत नाही हे मी प्रत्येक पालकाला स्पष्ट सांगते. तोवर वर्गात त्याला पुढची जागा आणि मजकुराची प्रत बाकावर, एवढी सोय शाळेकडून करून घेतली.

व्हिडिओ बघून घरी खुर्चीत गरगर फिरवू नका प्लीज. चेहरा पांढरा पडणं, घाम, मळमळ ही थांबायची खूण आहे आणि त्रास कधी कधी नंतरही जाणवतो. अचानक चक्कर, दोन-दोन दिसणं, ऐकू कमी येणं किंवा डोकेदुखीसोबत उलट्या असतील तर थेरपीचा विचार नंतर, आधी डॉक्टर.

आता तो बऱ्यापैकी उतरवून घेतो, जागा अजून कधीतरी हरवते पण बोट ठेवून स्वतःच शोधतो. गोल फिरणारा पाळणा मात्र त्याला नकोच असतो. आईने विचारलं, जबरदस्ती करू का? मी म्हटलं नाही ताई, त्याला शेजारी उभं राहून बघायचं असेल तर बघू द्या.