आदिवासी खेळाडूंसाठी वेगळी शिबिरं हवीत का?

तुम्ही विचारलंय, ऑस्ट्रेलियात फुटबॉलपटूंची संघटना आदिवासी खेळाडूंचं वेगळं शिबिर भरवते, तसं आपल्याकडे हवं का. हवं. पण आपल्याकडे त्या नावाखाली जे चालतं ते नको.

मी सुरगाण्याकडची, लांब पल्ल्याची धावपटू, खेळाडू कोट्यातून नोकरीला लागलेली. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कविता राऊतने १०,००० मीटरला ब्राँझ घेतलं, तेव्हापासून आमच्याकडची पोरगी दिसली की लोक म्हणतात, "पळणं तुमच्या रक्तातच आहे." रक्तात हिमोग्लोबिन किती, ते कोणी विचारत नाही.

एका मेळाव्याला गेले होते. शाल, श्रीफळ, भाषणं. मग तारपा सुरू झाला आणि आम्हालाच फेर धरायला लावलं, पाहुण्यांच्या फोटोसाठी. कामाचं जे झालं ते रात्री, मेसच्या पायऱ्यांवर. एक सीनियर ताई 'नाडा'चा, म्हणजे उत्तेजकांची चाचणी घेणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचा, ठावठिकाण्याचा फॉर्म मोबाईलवर उघडून बसली. चाचणीसाठी रोज कुठल्या एका तासात कुठे सापडाल ते भरायचं. बारा महिन्यांत तीनदा चुकलात तर बंदी येऊ शकते. पाड्यावर रेंजसाठी टेकडी चढावी लागते, हे तिला सांगावं लागलं नाही. "अख्खी तिमाही इथूनच भरून जा. मुक्काम बदलला तर टेकडी चढ, पण कळव." मग जात वैधतेला आजोबांचा शाळेचा दाखला कुठून काढायचा, खोकल्याचं औषध घेण्याआधी कोणती यादी बघायची, तेही तिनेच सांगितलं.

आमचे एक प्रशिक्षक अजून ऐकवतात, "मैदानावर जात नसते, वेगळी चूल कशाला?" सर, मैदानावर नसेल. हॉस्टेलच्या खोल्या वाटताना बरोबर आठवते. आणि मैदानाचं म्हणाल, तर १९९३ मध्ये मेलबर्नला निकी विनमर या आदिवासी फुटबॉलपटूला प्रेक्षकांच्या शिव्या ऐकून जर्सी वर करून स्वतःच्या कातडीकडे बोट दाखवावं लागलं. ॲडम गुड्स, तोही आदिवासी फुटबॉलपटू, २०१४ चा 'ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर'. २०१५ चा हंगाम त्याची हुर्यो उडवण्यात गेला आणि त्याने खेळ सोडला. तिकडेही बरेच जण म्हणायचे, हे फक्त त्याच्या खेळाबद्दल आहे.

आता, हे सगळ्यांनाच लागतं असं नाही. माझी पोरं नाशकात वाढली, त्यांना कदाचित नको असेल. आणि नुसत्या शिबिराने नोकरीचा आदेश निघत नाही, हेही खरं.

भरवायचंच तर निवृत्त खेळाडूंच्या हाती द्या, मंत्री नकोत. सरांना जरूर बोलवा. फक्त माईक देऊ नका.