चोरबाजारात पाहिलेला जुना ऑर्गन डोक्यातून जात नाही. घर लहान आहे, घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की चोरबाजारातल्या एका दुकानात पायाचा जुना ऑर्गन पाहिलात, महिना झाला तरी तो डोळ्यांपुढून हलत नाही, घर वन बीएचके आणि वाजवता जेमतेम येतं. वाजवण्याचं सोडा. पेटीवर हात फिरत असेल तर ऑर्गनवर बसायला फार दिवस लागत नाहीत. खरा प्रश्न जिन्याचा आहे, त्यावर येतोच.

मला हे वेड गिरगावात लागलं. आजोबांचं बोट धरून साहित्य संघात संगीत नाटकांना जायचो. गद्य सुरू झालं की मला कंटाळा, मग मी ऑर्गनवाल्याचे पाय बघत बसायचो. शिलाई मशीनवर बसल्यासारखे, पण सावकाश. आपली पेटी हवा बाहेर ढकलून वाजते, हे अमेरिकन पद्धतीचे ऑर्गन हवा आत ओढून वाजतात. आवाज मऊ, गोल, गायकाला वाट करून देणारा. बालगंधर्वांच्या पदांमागे तो इतका मुरलाय की वाद्य परदेशी आहे हे लक्षातच राहत नाही.

दुकानदार 'दो सौ साल पुराना' म्हणाला असेल तर हसून सोडून द्या. पॅरिसच्या देबँ नावाच्या वाद्यकारानं हार्मोनियमचं, म्हणजे पेटीचं, पेटंटच घेतलं १८४२ साली. असले ऑर्गन तर त्याच्या नंतरचे.

लाकडाच्या पॉलिशवर भाळू नका. एकही पट्टी न दाबता दोन्ही पाय चालवा. थोड्या वेळात पायाखाली घट्टपणा जाणवला तर भाता धड आहे. पाय मोकळेच पडत राहिले तर भात्याचं रबरी कापड कडक होऊन चिरलंय. ते बदलता येतं, पण तो खर्च धरूनच भाव करा. पट्टी न दाबता एखादा सूर आपोआप वाजू लागला तर आतली झडप बसत नाहीये. पाठीमागची फळी उघडायला लावा आणि खाली पिठासारखा भुसा पडलाय का बघा. पडला असेल तर लाकडाला कीड लागलीय, निघा तिथून. मुका सूर मात्र घाबरण्यासारखा नसतो. आतले पितळी सूर, म्हणजे हवेनं थरथरून वाजणाऱ्या जिभल्या, सहसा मरत नाहीत.

मी पाहिलेल्या ऑर्गनचा एक सूर मुका होता. दुकानातल्या म्हाताऱ्या कारागिरानं वाकड्या टोकाच्या हुकानं तो खाचेतून ओढून काढला, उजेडात धरला, फुंकर मारली. झुरळाचा पंख निघाला. परत सरकवून मला म्हणाला, 'अब दबाओ.' तो सूर भरून आला आणि माझं काम झालं.

पण आमची चाळ, तिसरा मजला, दुसऱ्या मजल्यावर जिन्याला वळण. छत्रीनं मोजलं, वीतभर कमी पडत होतं. पंधरा दिवस नुसता हळहळत राहिलो. पुन्हा गेलो तेव्हा ऑर्गन नव्हता. आतलं सगळं काढून कुणीतरी त्याचं दारूच्या बाटल्यांचं कपाट करायला नेला होता.

ऑर्गनच्या वरचा नक्षीचा, आरशाचा मनोरा स्क्रू काढले की अख्खा सुटा होतो, हे मला पुढच्या वर्षी कळलं. तुम्ही तो उतरवून मग मोजा.