मुक्काम शहराच्या कुठल्या टोकाला?
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : दोन दिवसांच्या प्रवासात अर्ध्या वाटेवर एक मोठं शहर लागतं. शहर सुरू होण्याआधी हायवेलगत स्वस्त खोल्या आहेत. मध्यभागी तशाच खोलीला जवळजवळ दीडपट भाडं पडतं. स्वस्तातली घेऊन मोकळं व्हावं का?

शहराला चांगला बायपास असेल आणि तुम्ही त्यावरूनच पुढे जाणार असाल, तर खुशाल घ्या. नसेल तर घेऊ नका.

शहराच्या अलीकडे राहिलात की शहर ओलांडायचं काम सकाळवर पडतं. सकाळी गर्दीचा ओघ बाहेरून आत असतो, म्हणजे तुम्ही थेट त्या ओघातच सापडता. मध्यभागी राहून पुढच्या बाजूने बाहेर पडलात तर तुमची लेन बरीच रिकामी असते, कारण गर्दी समोरून येत असते. सगळ्यांत सोयीचं पलीकडचं टोक. तिथे भाडंही मध्यभागापेक्षा कमी असतं आणि सकाळी पहिल्याच वळणावर हायवे लागतो. अडचण एवढीच, की तिथे पोहोचायला आदल्या संध्याकाळी शहर पार करावं लागतं.

म्हणून आधी पोहोचण्याची वेळ काढा आणि मग टोक ठरवा. नकाशावर दिसतात ते चाकं फिरतानाचे तास. दर दोन तासांनी १५ मिनिटांचा थांबा, एक जेवण आणि इंधन धरून त्यात २० ते २५ टक्के मिळवा. नकाशावरचे ९ तास प्रत्यक्षात ११ होतात. सकाळी ६ला निघालात तर संध्याकाळी ५ला शहराच्या वेशीवर याल, म्हणजे नेमकं ऑफिसं सुटायच्या वेळी. त्यापेक्षा पहाटे साडेचारला निघून साडेतीनच्या सुमारास शहर ओलांडावं. तेवढं लवकर उठणं होत नसेल तर वेशीबाहेरच जेवून घ्या आणि आठनंतर आत शिरा. नकाशाच्या ॲपमध्ये निघण्याची वेळ आणि वार बदलून पाहता येतो. मंगळवार दुपारचा अंदाज शुक्रवार संध्याकाळला लागू पडत नाही.

आता पैशांचं. हायवेपासून १२ किलोमीटर आत गेलात तर येऊन-जाऊन २४ होतात. शहरात लिटरला ११ किलोमीटर चालणारी गाडी त्यात दोन लिटरच्या वर पिते. ते इंधन, पार्किंग आणि आत शिरण्याचा टोल किंवा शुल्क असेल तर तेही भाड्यात मिळवा आणि मगच दोन खोल्यांची तुलना करा. हायवेपासून आत असलेली स्वस्त खोली या बेरजेत बरेचदा हरते.

प्रश्न : ॲपवर दिसलेलं भाडं आणि हातात पडलेलं बिल यांत दरवेळी फरक असतो. बुकिंग करताना नेमकं काय विचारावं?

आधी शेवटच्या पानापर्यंत जाऊन कर धरून होणारी रक्कम पाहा. यादीतल्या आकड्यावर विश्वास नको. मग हॉटेलला थेट फोन करा. फोनवर ‘पार्किंग आहे का?’ एवढंच विचारलंत तर उत्तर नेहमी ‘आहे’ असंच येतं. विचारायचं असं : आवारात आहे की रस्त्यावर? त्याचे वेगळे पैसे आहेत का? आमच्यासाठी जागा धरून ठेवाल का, की आधी येईल त्याची? आणि सगळ्यांत महत्त्वाचं : सकाळी साडेपाचला गाडी बाहेर काढता येईल का? लहान आवारात गाड्या एकामागे एक लावतात. पुढच्या गाडीची किल्ली तिसऱ्या मजल्यावर झोपलेल्या पाहुण्याकडे असली, तर लवकर निघायचा बेत तिथेच संपतो.

रद्द करता येणारं बुकिंग थोडं महाग असलं तरी प्रवासात तेच घ्यावं. पंक्चर, पाऊस, घाटातली कोंडी यांनी एखादा मुक्काम शंभर किलोमीटर अलीकडे सरकणं अगदी नेहमीचं. फुकट रद्द करण्याची मुदत मात्र तासासकट वाचा. ती अनेकदा आदल्याच दिवशी संपते. दुसरी गंमत तारखेची. ११ आणि १२ तारखेच्या मधल्या रात्री १ वाजता पोहोचणार असाल तर खोली ११ तारखेची हवी. १२ची घेतलीत तर ती दुपारी मिळणार. उशीर होणार असेल तर फोन करून तसं कळवा, नाहीतर तुम्ही येत नाही असं धरून खोली दुसऱ्याला दिली जाऊ शकते.

वाराचाही फायदा घ्या. कामानिमित्त येणाऱ्यांच्या शहरात शनिवार-रविवारी भाडी उतरतात. पर्यटनाच्या शहरात नेमकं उलटं.

प्रश्न : टपावर सामानाचा बॉक्स बसवला आहे. बेसमेंट पार्किंगमध्ये अडचण येईल का?

येऊ शकते, आणि कधीकधी जाताना नाही तर बाहेर पडताना. बॉक्स आणि त्याखालचे बार मिळून उंची साधारण ४० ते ५५ सेंटिमीटरने वाढते. दीड मीटरची हॅचबॅक दोन मीटरच्या आसपास जाते आणि पुष्कळ बेसमेंटची मर्यादाही तेवढीच असते. घरून निघण्याआधी सपाट जमिनीवर बॉक्सच्या माथ्यावर सरळ काठी आडवी धरा, तिच्यापासून जमिनीपर्यंत मोजा आणि तो आकडा कागदावर लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवा. अँटेना धरायला विसरू नका.

फलकावरच्या आकड्यापेक्षा किमान १० सेंटिमीटर कमी असाल तरच आत जा. उतार संपून सपाट जमीन लागते तिथे पुढची चाकं सपाटीवर आणि मागची उतारावर असतात. गाडीचा मधला भाग जमिनीपासून वर उचलला जातो आणि टप छताच्या जवळ येतो. शिवाय भरलेली गाडी स्प्रिंगवर दबलेली असते. रात्री सामान खोलीत नेलं की ती थोडी वर येते. आत जाताना निसटलेला बॉक्स सकाळी घासतो तो यामुळे.

गाड्या एकावर एक ठेवणाऱ्या यांत्रिक पार्किंगमध्ये उंचीबरोबर रुंदी आणि वजनाचीही मर्यादा असते. बॉक्स असेल तर उघड्या आवाराचं हॉटेल शोधणं बरं. डिकीतलं सामान लावायचं-काढायचं ते पार्किंगमध्ये पोहोचण्याआधी. तिथे उभं राहून बॅगा डिकीत टाकल्या, की काय कुठे ठेवलं ते बघणाऱ्यालाही कळतं.

प्रश्न : एका रात्रीसाठी खोली कशाला? गाडीतच झोपलं तर?

डुलकी ठीक, रात्र नको. डोळे जड झाले तर सुरक्षित, उजेडाच्या जागी गाडी लावा, कॉफी घ्या आणि २० मिनिटं झोपा. कॉफीचा असर व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे उठताना दोन्हींचा उपयोग होतो. एसीसाठी इंजिन चालू ठेवून झोपू नका. सायलेन्सर गळका असला किंवा जागा बंदिस्त असली तर कार्बन मोनॉक्साइड आत साठतो. त्याला वास नसतो, त्यामुळे जागही येत नाही.

प्रश्न : इलेक्ट्रिक गाडी आहे. हॉटेलात रात्रभर साध्या प्लगवर लावली तर सकाळपर्यंत भरेल का?

पूर्ण नाही. २३० व्होल्टच्या साध्या सॉकेटवर १० अँपिअरने २.३ किलोवॉट मिळतात. १० तासांत २३ युनिट, त्यातले वाया जाणारे सोडले तर बॅटरीत साधारण २०. शंभर किलोमीटरला १५ युनिट खाणारी गाडी तेवढ्यात सव्वाशे-एकशे तीस किलोमीटर जाते. ५० युनिटांची बॅटरी २० टक्क्यांवरून पूर्ण भरायला ७.४ किलोवॉटच्या चार्जरला सहा तास लागतात, साध्या सॉकेटला १९ तास.

हॉटेलच्या माहितीत चार्जर लिहिला असला तरी फोन करून विचारा : चालू आहे का, प्लग आपल्या गाडीचा आहे का, रात्रभर जागा मिळेल का. खोलीच्या खिडकीतून गुंडाळलेली एक्स्टेन्शन वायर सोडून चार्जिंग करणं बंदच करा. गुंडाळीतली उष्णता बाहेर पडत नाही आणि वायर वितळते. पोहोचताना बॅटरीत इतकं शिल्लक ठेवा, की हॉटेलचा चार्जर बंद निघाला तरी जवळच्या फास्ट चार्जरपर्यंत जाता येईल.

प्रश्न : सकाळी निघण्याआधी गाडीचं काय पाहावं?

टायरची हवा. गाडी निदान तीन तास उभी राहिली की टायर थंड होतो आणि खरा आकडा तेव्हाच मिळतो, म्हणजे मुक्कामाची सकाळ ही सगळ्यांत चांगली वेळ. छोटा गेज जवळ ठेवा आणि दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरवर पूर्ण भारासाठी दिलेला आकडा पाळा. दुपारी तापलेल्या टायरमध्ये चार-पाच पीएसआय जास्त दिसले म्हणून हवा काढू नका. रात्री टायर थंड झाला की तोच कमी भरेल.