घरच्या सागाच्या चौकटी: तोडल्यावर लगेच बसवायच्या का?

परसातले 2 साग फेब्रुवारीत तोडून मेमध्ये चौकटी बसवल्या तर चालतील का, असं विचारलंय तुम्ही. माझ्या मते नाही चालणार, निदान या वर्षी तरी नको. ताज्या तोडीच्या लाकडात पाणी भरपूर असतं आणि ओलावा साधारण 25-30 टक्क्यांच्या खाली गेला की मगच ते आक्रसायला लागतं, म्हणजे खरा खेळ चौकट बसल्यावर भिंतीत सुरू होणार. त्यातही वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने ते, गाभ्याकडून सालीकडच्या दिशेपेक्षा, जवळजवळ दुप्पट आक्रसतं, म्हणून फळी वाकते. साग बाकीच्या लाकडांपेक्षा कमी हलतो, म्हणजे कमी आक्रसतो-फुगतो, हे खरं, पण ओला साग पण हलतोच.

तोडायच्या आधी वनखात्याची परवानगी काढा, घराचं झाड असलं तरी लागते, आणि बाहेर सॉ मिलला न्यायचं तर वाहतूक पास पण.

आता मापाचं बघा. वखारीत ओंडका मोजतात तो घेराच्या चौथाईवर. 4 फूट घेर म्हणजे चौथाई 1 फूट, लांबी 10 फूट, तर 1 गुणिले 1 गुणिले 10, झाले 10 घनफूट. पण कापल्यावर एवढा माल हातात येत नाही, साली, भुसा आणि कडेचा पांढरा भाग जातो. हा पांढरा भाग काढायलाच लावा, सुतार कुरकुरेल की माल वाया जातोय, पण वाळवी आणि भुंगा आधी तिथेच शिरतो, सागाचं जे नाव आहे ते आतल्या गाभ्याचं. आणि परसातला साग जर कोवळा असेल तर गाभा किती निघेल ते कापल्यावरच कळतं, त्यावर फार हिशोब मांडू नका.

कापून घ्या लगेच, ओंडके तसेच ठेवू नका. मग कापलेला माल शेडमध्ये जमिनीपासून वर रचा, प्रत्येक थरामध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून, त्या पट्ट्या एकाखाली एक सरळ रेषेत, नाहीतर माल वाकडाच वाळतो. टोकांना जुना ऑइलपेंट फासा कारण टोकाकडून पाणी पटकन उडतं आणि तिथे चिरा जातात. ऊन नको, वारा हवा. एक पावसाळा गेल्यावर पुढच्या उन्हाळ्यात मॉइश्चर मीटर (ओलावा मोजायचं यंत्र) लावून बघा, 14-15 टक्के आलं की कामाला घ्या. घाईच असेल तर भट्टीत वाळवून देणारा शोधा, किंवा मग बाजारातला वाळलेला माल घ्या आणि घरचा पुढच्या कामाला ठेवा. ऐन, किंजळ ही दुसरी लाकडं पण चौकटीला चालतात, फक्त कडक आहेत, सुताराला आधी विचारा.