घटस्फोटितेमुळे आठव्या एडवर्डची गादी गेली, मग तिसरे चार्ल्स राजे कसे झाले?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की घटस्फोटित बाईशी लग्न करायचं म्हणून 1936 साली आठव्या एडवर्डला गादी सोडावी लागली, मग स्वतः घटस्फोट घेऊन घटस्फोटित कॅमिला यांच्याशी लग्न केलेले चार्ल्स राजे कसे झाले, नियम कधी बदलला? आणि कॅमिला यांच्या आधीच्या मुलांचा गादीवर हक्क लागतो का?

असा नियमच नव्हता. 1701 च्या कायद्याने कॅथलिकांना आणि कॅथलिकाशी लग्न करणाऱ्यांना गादीची दारं बंद केली, पण घटस्फोटाबद्दल त्यात अवाक्षर नाही. 1772 च्या कायद्याप्रमाणे घराण्यातल्या माणसांना लग्नासाठी राजाची परवानगी लागायची. लग्न करणारा स्वतःच राजा असेल तर परवानगी कोणाची घ्यायची? पहिला जॉर्ज 1714 मध्ये ब्रिटनच्या गादीवर बसला तेव्हा त्याच्या घटस्फोटाला वीस वर्षं होत आली होती आणि बायको तिकडे जर्मनीत, त्याच्या हॅनोव्हरच्या मुलखात कैदेत होती. कोणी काही बोललं नाही.

एडवर्डला अडवलं ते पंतप्रधान बाल्डविन यांनी. (हाच एडवर्ड युवराज असताना 1921 मध्ये पुण्यात शिवस्मारकाची पायाभरणी करून गेला होता.) एडवर्डला जिच्याशी लग्न करायचं होतं त्या वॉलिस सिम्पसन अमेरिकन होत्या. पहिला घटस्फोट 1927 चा, दुसऱ्याचा प्राथमिक हुकूम इप्सविचच्या कोर्टाने 27 ऑक्टोबर 1936 ला दिला. तो पक्का व्हायला सहा महिने लागणार होते. अमेरिकन वर्तमानपत्रं रकानेच्या रकाने भरत होती आणि ब्रिटिश वर्तमानपत्रं आपसात ठरवून गप्प होती. डिसेंबरच्या सुरुवातीला ब्रॅडफर्डच्या बिशपने भाषणात राजाच्या धर्माचरणाबद्दल नाराजी दाखवली. त्याच्या मनात राजाने चर्चला फारसं न येणं होतं, सिम्पसनबाईंचा विषय नव्हता. पण वर्तमानपत्रांना निमित्त मिळालं आणि दोनच दिवसांत सगळं चव्हाट्यावर आलं.

एडवर्डने मधला मार्ग सुचवला होता: लग्न होऊ द्या, बायकोला राणीपद नको, मुलांना वारसा नको. मंत्रिमंडळाने नकार दिला, कॅनडा-ऑस्ट्रेलियासारख्या देशांच्या सरकारांनीही साथ दिली नाही. आता हट्टाने लग्न केलं असतं तर मंत्रिमंडळ राजीनामा देणार, आणि विरोधी लेबर पक्षाचे नेते ॲटलीही या बाबतीत बाल्डविनच्याच बाजूला. म्हणजे राजाला सरकार चालवायला माणूस मिळेना. 10 डिसेंबरला फोर्ट बेल्व्हेडिअर या आपल्या घरी त्याने गादी सोडल्याच्या कागदावर सही केली, साक्षीला तिघे सख्खे भाऊ. त्यांतल्याच एकाला दुसऱ्या दिवशी गादी मिळाली. माझ्या मते घटस्फोट हे निमित्त कमी आणि कारण जास्त असं म्हणणारे अर्धंच बरोबर सांगतात. मंत्र्यांचा सल्ला धुडकावून राजाला राजा राहता येत नाही, पेच तिथे होता.

त्याच्या पुतणीची, राजकन्या मार्गारेटची गोष्ट तर अजून वाईट. तिला ज्यांच्याशी लग्न करायचं होतं ते पीटर टाउनसेंड घटस्फोटित होते. 1955 मध्ये तिने ख्रिस्ती विवाह मोडता येत नाही या चर्चच्या शिकवणीचा दाखला देत लग्नाचा विचार सोडल्याचं जाहीर केलं. पुढे 1978 मध्ये तिचा स्वतःचाच घटस्फोट झाला!

चार्ल्स यांच्यापर्यंत काळ पुष्कळ सरकला होता. चार्ल्स आणि डायना यांचा घटस्फोट 1996 चा, डायना पुढच्याच वर्षी गेल्या. चर्चच्या दृष्टीने खरी अडचण कॅमिला यांच्या बाजूने होती, कारण त्यांचे पहिले पती हयात होते. 2002 मध्ये चर्च ऑफ इंग्लंडने अशा लोकांच्या पुनर्विवाहाला अपवाद म्हणून वाट करून दिली. तरीही या दोघांनी 9 एप्रिल 2005 ला विंडसरच्या गिल्डहॉलमध्ये, म्हणजे गावच्या नगरभवनात, रजिस्टर लग्नच केलं. आधी बेत किल्ल्यातच लग्न लावायचा होता. पण तिथे त्याचा परवाना काढला तर तीन वर्षं कुठल्याही जोडप्याने मागणी केली तरी त्यांचं लग्न तिथे लावू द्यावं लागेल, हे लक्षात आल्यावर वऱ्हाड गावात गेलं. राणी एलिझाबेथ रजिस्टर लग्नाला गेल्या नाहीत, नंतरच्या प्रार्थनेला मात्र हजर होत्या. ती सेंट जॉर्ज चॅपलमध्ये खुद्द आर्चबिशपनी चालवली आणि तिच्यात नवराबायकोने सगळ्यांसमोर आपल्या पापांची कबुली देणारी 1662 ची प्रार्थना म्हटली. मंत्रिमंडळाचा विरोध नव्हता, राणीची संमती होती, चर्चने आशीर्वाद दिला. एडवर्ड स्वतःच राजा, त्यामुळे संमतीचा प्रश्न नव्हता, पण मंत्रिमंडळ आणि चर्च दोन्ही त्याच्या विरोधात होते.

कायदा बदलला तो नंतर, आणि वेगळ्याच मुद्द्यांवर. 2013 चा नवा कायदा 2015 मध्ये लागू झाला. 28 ऑक्टोबर 2011 नंतर जन्मलेल्यांमध्ये धाकटा भाऊ आता थोरल्या बहिणीला मागे टाकत नाही, म्हणूनच विल्यम यांची मुलगी शार्लट तिच्या धाकट्या भावाच्या, लुईच्या पुढे आहे. कॅथलिक जोडीदार चालतो, राजा स्वतः मात्र अजूनही कॅथलिक चालत नाही. लग्नाला राजाची परवानगी फक्त वारसांच्या रांगेतल्या पहिल्या सहा जणांना लागते. 2018 मध्ये हॅरीने ती आजीकडून घेतली आणि मेगन या घटस्फोटित अमेरिकन बाईशी लग्न केलं, तेही थेट सेंट जॉर्ज चॅपलमध्ये.

कॅमिला यांच्या मुलांचं म्हणाल तर हक्क नाही. गादी रक्ताने जाते, आणि तीही हॅनोव्हरच्या सोफिया (पहिल्या जॉर्जची आई) यांच्या वंशातच. आईने राजाशी लग्न केलं म्हणून सावत्र मुलं रांगेत येत नाहीत. विल्यम आणि हॅरी यांच्या जागेला आईवडिलांच्या घटस्फोटाने धक्का लागला नाही, तोही याच कारणाने.